मोजायचं कधी, ऐकायचं कधी: इंदूरच्या मराठी घरांवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, भरायचे दिवस आले की समाजशास्त्राची आणि समाजकार्याची मुलं-मुली घरी येतात. मराठी घरातली असली तर विषय बहुतेक वेळा एकच निघतो: इंदुरात मराठी किती टिकली आहे? आणि त्याच्या पाठोपाठ, "काकू, प्रश्नावली करू की मुलाखती घेऊ?" कोणाला गाईडनी सांगितलेलं असतं की आकडे हवेत, म्हणून संख्यात्मक. कोणाला गणिताची धास्ती असते, म्हणून गुणात्मक. ही दोन्ही कारणं मला मनापासून खटकतात. पद्धत आपल्या सोयीने निवडायची नसते, ती प्रश्न निवडतो. आणि गुणात्मक काम सोपं असतं हा समज तर एक तासाची मुलाखत स्वतः बसून उतरवून काढली की त्याच रात्री जातो.

हाच विषय शेवटपर्यंत हाती धरून पायऱ्या सांगते. तुमचा विषय ओला-सुका कचरा वेगळा करण्याच्या सवयीचा असेल किंवा भंवरकुआँला खोली घेऊन कोचिंग करणाऱ्या मुलांचा असेल, तरी पायऱ्या याच.

पायरी १: विषय बाजूला ठेवा, प्रश्न लिहा

"इंदूरमधील मराठी भाषकांच्या भाषिक स्थितीचा अभ्यास" हे मुखपृष्ठावर शोभतं, पण त्याने काम सुरू होत नाही. कागद घ्या आणि शेवटी प्रश्नचिन्ह येईल अशी वाक्यं लिहा. याच विषयातून निघणारे चार प्रश्न बघा.

किती टक्के मराठी घरांत आजी-आजोबा नातवंडांशी मुख्यतः मराठीत बोलतात? तीन-चार पिढ्या इंदुरात असलेल्या घरांत हे प्रमाण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आलेल्या घरांपेक्षा कमी आहे का? एखाद्या घरात मुलाशी हिंदीत बोलणं सुरू होतं ते केव्हा आणि कसं? आणि "आमच्या नातवाला मराठी येतं" असं आजी म्हणते तेव्हा 'येतं' म्हणजे तिच्या मनात काय असतं?

पहिल्या दोन प्रश्नांना आकडा लागतो. काय मोजायचं ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे, तेच प्रश्न त्याच शब्दांत पुष्कळ घरांना विचारायचे आहेत आणि उत्तरांची तुलना करायची आहे. ही संख्यात्मक वाट. पुढच्या दोन प्रश्नांत उत्तराचा आकारच अजून माहीत नाही. थोड्या माणसांजवळ जास्त वेळ बसायचं, त्यांच्या शब्दांच्या मागे जायचं, ही गुणात्मक वाट. 'किती', 'कोणात जास्त', 'कशाबरोबर वाढतं-घटतं' हे शब्द आले की पहिली. 'कसं', 'काय अर्थाने', 'कोणत्या प्रसंगातून' हे आले की दुसरी. 'का' हा शब्द मात्र दोन्हीकडे जातो, म्हणून तो लिहिला असेल तर प्रश्न आणखी फोडा.

फोडायचा कसा, याचा धडा जोशुआ फिशमन या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ साली घालून दिला आहे. "या समाजात कोणती भाषा बोलतात?" या ढोबळ प्रश्नाच्या जागी त्याने विचारलं की कोण, कोणाशी, कोणती भाषा, केव्हा बोलतं. हे चार तुकडे हातात आले की 'मराठी टिकली का' हा भलामोठा प्रश्न जेवणाच्या ताटापाशी, अभ्यासाच्या टेबलापाशी, भांडणापाशी आणि देवघरापाशी येऊन बसतो. तिथे तो विचारताही येतो.

पायरी २: सरकारने काय मोजलंय ते आधी बघा

नवीन मुलं थेट घराघरांत धावतात. त्याआधी एक दुपार जनगणनेच्या भाषेच्या तक्त्यांना द्या. २०११च्या जनगणनेत देशात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक निघाले. मध्य प्रदेशातले मराठी भाषकही त्या तक्त्यांत सापडतील आणि पहिल्या प्रकरणाला तुम्हाला ते लागतीलच.

पण तो आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने त्या व्यक्तीशी जी भाषा बोलली ती. आई तान्हेपणीच गेली असेल तर त्या घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. त्याखेरीज येत असलेल्या आणखी दोन भाषा विचारतात. आज संध्याकाळी तुमच्या घरात काय बोललं जाईल, हे कोणी विचारत नाही. म्हणजे तेव्हा, २०११ साली, सत्तर वर्षांचे असलेल्या आजोबांची 'मराठी' ही नोंद १९४०-५०च्या स्वयंपाकघराबद्दल सांगते, आजच्या दिवाणखान्याबद्दल नाही. आकडा खोटा नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तो नव्हे.

दुसरी गोष्ट, मोजण्याआधी कोणीतरी खोके तयार करतं. २०११ साली लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली कच्ची नावं १९,५६९ होती. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि शेवटी छापल्या गेलेल्या भाषा १२१. आपल्या माळव्याची माळवी या हिशेबात हिंदीच्या पोटात जाते. हा निर्णय बरा की वाईट हे बाजूला ठेवू, पण तो निर्णय आहे, एवढं लक्षात असू द्या. उद्या तुमच्या प्रश्नावलीत 'मराठी / हिंदी / इतर' अशा तीन चौकटी छापाल तेव्हा तुम्हीही असाच निर्णय घेत असाल. खिचडी बोलणाऱ्या घराने कुठे खूण करायची?

पायरी ३: प्रश्नावली छापण्याआधी पाच घरांत बसा

ही पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि माझं सगळ्यात जास्त सांगणं हिच्याबद्दलच आहे.

शिकत असताना मी स्वतः एका सर्वेक्षणात घरोघर गेले होते. छापील प्रश्न होता, "आपण घरी कोणती भाषा बोलता?" लोकमान्य नगरातल्या एका घरात आजींनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "मराठीच. आमच्याकडे दुसरं काही चालत नाही." मी खूण केली. तेवढ्यात नातू आतून धावत आला, आणि आजी त्याला म्हणाल्या, "अरे बेटा, पहले दूध पी ले, फिर जा." लगेच सुनेकडे वळून, "त्याच्या दुधात साखर घातलीस ना गं?" त्यांनी मला फसवलं नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांचं घर मराठीच होतं आणि नातवाशी बोललेली हिंदी ही त्या हिशेबात धरायची गोष्टच नव्हती. माझी खूण मात्र चुकली होती, आणि अशा किती खुणा मी त्या आठवड्यात केल्या असतील याचा विचार आजही मनातून जात नाही.

माणसं सांगतात एक आणि वागतात दुसरं, हे काही फक्त आपल्याकडचं नाही. रिचर्ड लापियेर हा समाजशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. चिन्यांबद्दल तेव्हा तिथे उघड आकस होता. तरी अडीचशे हॉटेलं-खानावळींत मिळून त्यांना नकार मिळाला तो एकदाच. नंतर त्याच ठिकाणांना त्याने पत्राने विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'नाही' कळवलं. कागदावरचं उत्तर आणि दारातलं वागणं यांत एवढं अंतर पडू शकतं. १९३४ साली हा अभ्यास छापून आला, आणि प्रश्नावली करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी समजून घ्यावा.

म्हणून पाच घरांत नुसतं बसा. ओळखीची चालतील. संध्याकाळची वेळ घ्या, मुलं शाळेतून आल्यापासून जेवणापर्यंत. वहीत तीन रकाने आखा: कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत. चौथा रकाना मोकळा ठेवा आणि त्यात 'कशाबद्दल' लिहा. दोन-तीन घरांतच दिसायला लागेल की अभ्यास हिंदीत किंवा इंग्रजीत घेतला जातो, रागावणं मराठीत होतं (काही घरांत नेमकं उलट), आत्याचा पुण्याहून फोन आला की सगळं घर मराठीत शिरतं, आणि बहीण-भाऊ आपसात बोलतात ते वेगळंच. तुमच्या प्रश्नावलीतले प्रश्न आणि त्यांचे पर्याय या वहीतून यायला हवेत. नाहीतर ते दुसऱ्या कुठल्या तरी शहरातल्या प्रबंधातून येतील.

पायरी ४: कोणाकडे जायचं

संख्यात्मक कामाचा जीव नमुन्यात, म्हणजे सगळ्यांतून निवडलेल्या थोड्या घरांत असतो. इंदूरसारख्या गावात मराठी घरांची तयार यादी मिळत नाही, म्हणून इथेच जास्त घोळ होतात.

सगळ्यात सोपा मोह म्हणजे एखाद्या मराठी मंडळाची किंवा गणेशोत्सवाची सभासद यादी घेणं. पण जे घर वर्गणी भरून मराठी नाटकाला येतं, ते मराठीच्या बाबतीत आधीच वेगळं आहे. त्या यादीवरून काढलेली टक्केवारी त्या मंडळापुरतीच खरी.

दुसरा मोह आडनावांचा. मतदार यादी घ्यायची आणि मराठी आडनावं वेचायची. करून बघा: 'कुलकर्णी'ला अडचण नाही, पण 'जोशी' गुजरातीही असतो, माळव्यातलाही असतो आणि कुमाऊंहून आलेलाही. 'पवार' आपला की इथल्या राजपुतांतला? आणि मराठी आईच्या पोटी जन्मलेल्या, 'शर्मा' आडनाव लावणाऱ्या मुलांचं काय? तुमच्या विषयाला तर त्यांचंच घर सगळ्यात जास्त बोलकं असू शकतं. त्यामुळे आडनावावर न जाता दारात एक छोटा गाळणी-प्रश्न विचारा: "घरात मराठी बोलणारं किंवा समजणारं कोणी आहे का?"

तिसरी चूक नकळत होते. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर असं फिरलं की मुलांना वाटतं, झालं मराठी इंदूर. होळकरांची राजधानी १८१८ साली महेश्वरहून इंदूरला आली आणि कारभाराबरोबर आलेल्या कुटुंबांच्या खुणा जुन्या वस्त्यांत आहेत, हे खरंच. पण कापडगिरण्यांत राबलेल्यांची घरं आहेत, जवळच्या महूच्या लष्करी छावणीशी नातं असलेली आहेत, सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांसाठी परवा-परवा आलेली जोडपी आहेत. डॉ. आंबेडकरांचा जन्म १८९१ साली महूला एका मराठी घरातच झाला. एकाच जातीच्या आणि एकाच मिळकतीच्या चार कॉलन्या बघून 'इंदूरचे मराठी भाषक' असं शीर्षक देणं मला अन्यायाचं वाटतं. शीर्षक बदला, नाहीतर वस्त्या वाढवा.

आता घरं किती? नमुना यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडला असेल तर एक ढोबळ हिशेब पाठ ठेवा: १ भागिले घरांच्या संख्येचं वर्गमूळ. १०० घरांचं वर्गमूळ १०, म्हणजे तुमची टक्केवारी साधारण १० टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकते. ४०० घरांचं वर्गमूळ २०, म्हणजे ५ टक्के. चूक निम्मी करायला काम चौपट. गाव महूएवढं असो की इंदूरएवढं, या हिशेबात जवळजवळ फरक पडत नाही. मात्र ४०० घरांचे चार गट पाडून तुलना करणार असाल तर प्रत्येक गटात १०० घरंच उरली, आणि गटागटाची चूक पुन्हा १० टक्के झाली. दोन गटांत ६ टक्क्यांचा फरक दिसला म्हणून निष्कर्ष ठोकू नका.

आणि यदृच्छा नसेल तर नुसती संख्या काही कामाची नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने टेलिफोन आणि मोटारींच्या नोंदींवरून पत्ते काढून सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं छापलं, आणि रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं जिंकले. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कोणाकडे होती, आणि पत्रिका परत पाठवण्याची तसदी कोणी घेतली, इथेच सगळं फसलं होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून 'एका रात्रीत ३०० उत्तरं आली' म्हणून मुलं खूश होतात तेव्हा मला हेच आठवतं.

विद्यार्थ्याला झेपेल असा रस्ता असा: तीन वेगळ्या प्रकारच्या वस्त्या घ्या, प्रत्येकीत गल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाका, निघालेल्या गल्लीत दर पाचव्या दारी जा. कुलूप असेल तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा जा. शेजारच्या मोकळ्या काकू हाक मारतात म्हणून त्यांना भरून घेऊ नका. दिवसा घरी असणारी घरं वेगळी असतात. निष्कर्ष त्या तीन वस्त्यांपुरता सांगा.

गुणात्मक भागात निवड वेगळ्या तत्त्वावर होते. तिथे प्रमाण सांभाळायचं नसतं, विविधता शोधायची असते: मराठी आई-हिंदी वडील, हिंदी आई-मराठी वडील, आजी सोबत असलेलं घर, नसलेलं घर, मुलाशी हट्टाने मराठीच बोलणारं एखादं घर. किती? नवीन मुलाखतीतून नवं काही निघेनासं झालं की थांबायचं. याला संपृक्तता म्हणतात. २००६ साली पश्चिम आफ्रिकेतल्या ६० मुलाखती तपासून काही अभ्यासकांनी दाखवलं की बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. पण तो गट बऱ्यापैकी एकसारखा होता. तुमच्याकडे चार तऱ्हेची घरं असतील तर १२ या आकड्याला चिकटू नका.

पायरी ५: प्रश्न विचारायचे कसे

"मुलांना मातृभाषा यायला हवी असं आपल्याला वाटतं का?" याला सगळी घरं 'हो' म्हणतील. सगळ्यांचं उत्तर एकच येणार असेल तर तो प्रश्न कागद वाया घालवतो. "मराठी आणि इंग्रजी दोन्ही महत्त्वाच्या आहेत असं वाटतं का?" यात दोन प्रश्न एकात कोंबले आहेत. "आपण मुलांशी नेहमी मराठीत बोलता का?" यातला 'नेहमी' प्रत्येकाच्या घरी वेगळा.

त्याऐवजी काल विचारा. "काल रात्री जेवायला बोलावलंत तेव्हा मुलाला कोणत्या भाषेत हाक मारली?" "काल शाळेबद्दल बोलणं झालं ते कोणत्या भाषेत?" पर्याय द्या: मराठी, हिंदी, इंग्रजी, मिसळून, काल बोलणं झालं नाही. आठवणीला पकडायला एक दिवस पुरतो, आणि अभिमानाला शिरायला जागा कमी राहते. शक्य असेल तिथे हेच प्रश्न मुलालाही वेगळं विचारा, अर्थात आई-वडिलांच्या परवानगीने. आजी आणि नातू यांची उत्तरं जिथे जुळत नाहीत ती घरं वर्तुळ करून ठेवा. पुढे मुलाखतीला तिथेच जायचंय.

तुम्ही स्वतः कोणत्या भाषेत विचारता, यावरही उत्तर हलतं. दारात नीटनेटक्या पुणेरी मराठीत सुरुवात केलीत तर समोरचं माणूस सावरून बसतं आणि आपली मराठी तपासली जातेय असं त्याला वाटू लागतं. घर ज्या भाषेत उत्तर देईल तीत पुढे जा आणि कोणत्या भाषेत बोलणं झालं ते नोंदवा. छापण्याआधी पंधरा-वीस घरांत प्रश्नावली चालवून बघा. ती घरं अंतिम मोजणीत धरू नका.

मुलाखतीत तर 'का' हा शब्दच टाळा. "मुलांशी हिंदीत का बोलता?" म्हटलं की समोरच्या आईला आपल्यावर आरोप आल्यासारखं वाटतं आणि ती खुलासे देऊ लागते. "तो शाळेत जायला लागला तेव्हाचे दिवस सांगा ना" असं म्हणा आणि गप्प बसा. ही गप्प बसण्याची ताकद हळूहळू येते. तुम्ही मराठी घरातल्या असाल तर आणखी एक अडचण: "तुला काय सांगायचं, तुमच्याकडेही तसंच असेल" म्हणून मावशी मोकळ्या होतात. त्यावर "आमच्याकडचं मला ठाऊक आहे मावशी, तुमच्याकडचं सांगा" हे वाक्य मला नेहमी उपयोगी पडलं आहे.

रेकॉर्डर लावण्याआधी विचारा, आणि 'मध्येच बंद कर' म्हणायचा हक्क त्यांना आहे हे स्पष्ट सांगा. नावं बदला. इंदूरच्या मराठी वर्तुळात नुसतं नाव बदलून भागत नाही. 'रामबागेतल्या बँकेतून निवृत्त झालेल्या, मुलगा कॅनडात असलेल्या बाई' म्हटलं की अर्धा मोहल्ला ओळखतो. एखादा तपशीलही बदला.

पायरी ६: उतरवून काढताना भाषा शुद्ध करू नका

एका तासाच्या बोलण्याला चार ते सहा तास धरा. कंटाळा येतो आणि हात आपोआप वाक्यं नीट करू लागतो. या विषयात तर ते पाप आहे. एका मुलाखतीत एक आई म्हणाली, "तेवढ्यात मुलगा शाळेतून येऊन गेला." उतरवणाऱ्या मुलीने, जी साताऱ्याहून शिकायला आली होती, कंसात लिहिलं: मुलगा येऊन परत गेला. आईला म्हणायचं होतं 'आला'; हिंदीतलं 'आ गया' मराठी शब्दांत उतरलं होतं. मुलीने तो शब्द 'आला' असा दुरुस्त केला असता तर पुरावाच पुसला गेला असता, आणि कंसातला अर्थ तसाच राहिला असता तर घटनाच बदलली असती. अशी जागा आली की खूण करा, परत ऐका, आणि माणसाला विचारा.

प्रती तीन ठेवा, तीन वेगळ्या जागी. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यात राहून काम केलं, वर्षानुवर्षं टिपणं लावली, आणि १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्या लावलेल्या टिपणांच्या सगळ्या प्रती एकदम जळाल्या. त्यांनी मग आठवणीवर भिस्त ठेवून ग्रंथ लिहिला. ती धमक सगळ्यांत नसते. पेन ड्राइव्ह मात्र प्रत्येकाला परवडतो.

पायरी ७: अर्थ लावणं

आकड्यांसाठी एक्सेल पुरतं. तक्ता करताना टक्केवारी कोणत्या दिशेने काढताय ते ठरवा: 'मराठी बोलणाऱ्या घरांपैकी किती घरांत आजी आहे' आणि 'आजी असलेल्या घरांपैकी किती घरांत मराठी बोलतात' हे दोन निरनिराळे आकडे आहेत, आणि दर वर्षी कोणीतरी एकाच्या जागी दुसरा लिहितं. मग कारणाची घाई करू नका. समजा, आजी असलेल्या घरांत मराठी जास्त निघाली. आजीमुळे मराठी टिकली, की मराठी सांभाळणारी कुटुंबंच एकत्र राहतात? की आजी असलेली बहुतेक घरं तुमच्या तीनपैकी एकाच जुन्या वस्तीत होती? वस्तीवार तक्ता वेगळा करून बघा. फरक तिथे नाहीसा झाला तर कारण आजी नव्हे, वस्ती.

मुलाखतींसाठी छापील मजकूर घ्या आणि समासात छोटी लेबलं लिहीत जा: 'शाळेतल्या मॅडमनी सांगितलं', 'मुलाने उत्तर हिंदीत दिलं', 'हसतील म्हणून', 'सासू असेपर्यंत'. शक्यतो त्यांचेच शब्द लेबल करा. पहिल्या चार मुलाखतींनंतर सगळी लेबलं एका कागदावर मांडा, सारखी एकत्र करा. मग मुद्दाम उलटं घर शोधा: शाळेने सांगूनही जे मराठीवरून हललं नाही ते. तुमच्या स्पष्टीकरणात ते घर बसत नसेल तर स्पष्टीकरण बदलायचं, घर लपवायचं नाही.

दोन वाटा एकत्र चालवायची वेळ आली की मुलं घाबरतात. त्यांना मी इरावती कर्वे यांच्याकडे बघायला सांगते. बर्लिनमध्ये कवट्यांची मोजमापं घेऊन १९३० साली डॉक्टरेट मिळवलेली ही बाई. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना गावोगाव जाऊन माणसांची शरीरमापं घेतली, कोयना धरणाने उठवलेल्या कुटुंबांचं सर्वेक्षण केलं. आणि हीच बाई आळंदीच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेली, आणि एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगळी होतात याचं दुःख तिने लिहून ठेवलं. ते दुःख कुठल्याही मोजपट्टीला दिसलं नसतं. आणि धरणाने किती कुटुंबं कुठे गेली हे पालखीबरोबर चालून कळलं नसतं.

तुमच्यापुरता क्रम असा धरा: पाच घरांत बसणं, त्यातून प्रश्नावली, शंभर-दीडशे घरं, आणि त्यांतून वर्तुळ केलेल्या दहा-पंधरा घरांत लांब मुलाखती. आकडे आणि मुलाखती जुळले नाहीत तर घाबरू नका, दोन्ही लिहा. प्रश्नावलीत 'मिसळून' म्हणणारी घरं मुलाखतीत 'मराठी' म्हणत असतील, तर 'मराठी' या शब्दाची त्या घरातली व्याख्या तुमच्या हाती लागली आहे.

वेळेचा अंदाज हवा असेल तर पाच महिने धरा: पहिला बसण्यात आणि प्रश्न घासण्यात, दुसरा-तिसरा घरं फिरण्यात, चौथा मुलाखती आणि उतरवण्यात, पाचवा लिहिण्यात. पावसाळा आणि गणपती ते दिवाळीचा काळ टाळा. गणपतीत प्रत्येक मराठी घर नेहमीपेक्षा जास्त मराठी बोलतं.

पायरी ८: लिहिलेलं घेऊन परत जा

मुलाखत दिलेल्या घरी मसुद्यातला त्यांच्याबद्दलचा भाग घेऊन जा आणि वाचून दाखवा. दोन-तीन तास जातील, पण ते काढा. मी एकदा एका आजींना त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं: "सून हिंदी घरातली, पण नातवाशी मराठीतच बोलायचं असं आम्ही दोघींनी ठरवलं." त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, आणि स्वयंपाकघराकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "मी म्हटलं ते खरं आहे बाळा. पण तेव्हा ती दारातच उभी होती. ठरवलं तिनेच. मला तर वाटायचं, पोराला शाळेत जड जाईल." मी ते दुसरं वाक्यही त्यांना विचारून वहीत घेतलं, शेजारी तारीख आणि 'सून आत होती' असं लिहिलं, आणि प्रकरणात दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवली.